आकडा न देता 'मेक -जे'!

सांगलीत आमच्या कॉलेजच्या क्लस्टरवर (सगळ्यांनी मिळून वापरायच्या, एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरांवर) लॉगिन केलं की पोरं पहिलं काय करतात? लॉगिन नोडवरच, म्हणजे सगळे जिथून आत शिरतात त्या सामायिक मशीनवरच, 'मेक -जे' ठोकतात, पुढे आकडाही नाही! मेक म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बांधणारं टूल, आणि '-जे'पुढचा आकडा म्हणजे एका वेळी किती कामं (जॉब) चालवायची ते. अरे बाबांनो, आकडा दिला नाही तर मेक जॉबना मर्यादाच घालत नाही. शेकडो कंपायलर एकदम उठतात, मेमरी संपते, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एकेका प्रोग्रॅमला ठार करत सुटतो. मग ग्रुपवर मेसेज, "सर, क्लस्टर स्लो आहे का?" स्लो नाही राव, तूच बसलायस त्याच्या उरावर.

स्लर्मकडून (क्लस्टरवरची मशीनं वाटून देणारा प्रोग्रॅम) ८ कोअर मागून '-जे६४' देणारे वेगळेच.

पण खरं डोकं फिरतं ते मेकफाइलमध्ये (मेकला सूचना देणारी फाइल) डिपेंडन्सी, म्हणजे कशाआधी काय तयार हवं ते, अर्धवट लिहिणाऱ्यांमुळे. '-जे१'ला बिल्ड सुरळीत, '-जे१६'ला कधी पास, कधी फेल. हेडर फाइल तयार व्हायच्या आधीच दुसरा जॉब ती वाचायला धावतो, दुसरं काय! यांचा उपाय? "परत चालवा की, होतंय." होतंय म्हणे! मेक ४.४ मध्ये क्रम मुद्दाम पिसून असली चूक उघडी पाडणारा 'शफल' पर्याय आलाय, वापरतंय कोण? वर स्क्रीनशॉट पाठवायचा तोही शेवटच्या 'एरर २'चा. खरी चूक कुठंतरी वर, बाकीच्या जॉबच्या बडबडीत गाडलेली.