पाठ टेकल्यानंतर

पुण्याच्या पूर्व भागातील ज्या तालमीत मी वयाच्या ११ व्या वर्षी पहिल्यांदा लंगोट बांधला, त्या तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले तीन आठवडे एकच वाद चालू आहे. आमच्याच तालमीतला २७ वर्षांचा एक मल्ल, ज्याने गादी विभागात जिल्ह्याची निवड चाचणी दोनदा जिंकली पण ज्याला पुढे पदक काही मिळाले नाही, तो आता मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, या पिंजऱ्यात होणाऱ्या आणि ठोसे, लाथा व पकडी सगळेच चालणाऱ्या खेळात उतरतो आहे. त्याने ही बातमी दिल्यावर काही वडीलधाऱ्यांनी या खेळाला ‘टीव्हीवरची नुरा कुस्ती’, म्हणजे निकाल आधी ठरवून केलेली कुस्ती, म्हटले, काहींनी ‘पिंजऱ्यातला रक्तपात’ म्हटले, आणि आमच्या वस्तादांनी एकच ओळ लिहिली, ‘मातीने मोठे केले, तिला विसरू नकोस.’ ही सगळी माणसे त्या मुलावरच्या मायेनेच बोलत आहेत, याबद्दल मला शंका नाही. परंतु पहिले दोन आक्षेप एकाच खेळावर एकाच वेळी घेता येत नाहीत. जे आधी ठरवून केले जाते त्याला रक्तपात म्हणून घाबरण्याचे कारण नाही, आणि ज्यात खरोखर जबडा मोडू शकतो त्याला नुरा म्हणता येत नाही.

मी गेली १४ वर्षे जपानमध्ये, योकोहामाजवळ राहतो. ठरवून केलेली व्यावसायिक कुस्ती आणि एमएमए यांचे नाते जितक्या जवळून इथे पाहता येते तितके ते क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की आपल्या मल्लाने जावे आणि तालमीने त्याला आपल्या नावानिशी पाठवावे. नुऱ्याचा प्रश्न विचारायचाच असेल, तर तो आपण आधी आपल्या जत्रांच्या मैदानांना विचारावा.

मी रविवारी सकाळी टोकियोच्या पश्चिमेकडील एका लहान व्यायामशाळेत जातो. तिथे सरावाची सुरुवात पत्त्यांच्या कॅटने होते. शिक्षक पान उलटतात; लाल पान आले तर पानावरच्या आकड्याइतक्या बैठका, काळे आले तर तितके जोर, आणि ५२ पाने संपेपर्यंत कोणी थांबत नाही. पहिल्या दिवशी शेजारच्या मुलाने मला या व्यायामाचे नाव ‘हिंझू स्क्वॉट’ असे सांगितले आणि भारतात हा व्यायाम करतात का, असेही प्रामाणिकपणे विचारले. ही पत्त्यांची पद्धत प्रसिद्ध करणारे कार्ल गॉच हे बेल्जियममध्ये जन्मलेले मल्ल होते. इंग्लंडमधील विगन गावी बिली रायली यांच्या तालमीत ते कॅच कुस्ती, म्हणजे सांधे पिरगाळून शरण आणणारी कुस्ती, शिकले, भारतीय जोर-बैठकांचा आणि मुद्गलांचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला, आणि पुढे जपानी व्यावसायिक मल्लांच्या एका अख्ख्या पिढीला त्यांनी घडवले. जपानी लोक त्यांना कुस्तीचा देव म्हणतात. आपली बैठक या देशात पोहोचली ती अशा माणसांच्या हातून, ज्यांची उपजीविका ठरवलेल्या कुस्त्यांवर चालत होती, हे मला तेव्हा प्रथम समजले.

कुस्ती ठरवून करण्याची गरज मुळात का पडली, हे समजण्यासाठी गामा पहिलवानांची १९१० सालची लंडनमधील लढत पाहावी. १० सप्टेंबरला पोलंडचा महाकाय मल्ल स्टॅनिस्लॉस झबिस्को गामांसमोर उभा राहिला, पहिल्या मिनिटाच्या आसपास खाली गेला आणि नंतर दोन तासांहून अधिक काळ गादीला चिकटून राहिला. पाठ लागू द्यायची नाही एवढाच त्याचा डाव होता, आणि नियमांनुसार तो बिनचूक होता. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या शनिवारी ती पुन्हा व्हायची होती, तर झबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामांना मिळाला. १९२८ साली पतियाळात हीच जोड पुन्हा लागली तेव्हा गामांनी त्याला एका मिनिटाच्या आत चितपट केले. आपण पतियाळाची कुस्ती अभिमानाने सांगतो, परंतु व्यवसायाच्या दृष्टीने निर्णायक ठरते ती लंडनची कुस्ती, कारण दोन तास गादीवर निजलेला मल्ल पाहण्यासाठी तिकीट काढणारा प्रेक्षक पुढच्या वेळी येत नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकात एड ‘स्ट्रँग्लर’ लुईस, बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी नेमका हाच प्रश्न सोडवला. वेळेची मर्यादा, झेपा, उचलून आपटण्याचे डाव आणि आधी ठरलेला निकाल, असा खेळ त्यांनी गावोगावी नेला. त्यांपैकी लुईस हा खऱ्या कुस्तीतही अत्यंत जबर मल्ल होता, आणि तसे असणे आवश्यकही होते, कारण ठरलेला निकाल मोडून पट्टा पळवू पाहणाऱ्याला आवरण्याची ताकद त्याच्या अंगात असावी लागे. म्हणूनच नाटकाच्या आत खरी कुस्ती जिवंत राहिली.

जपानमध्ये हे दोन प्रवाह एकमेकांत इतके मिसळले की त्यांची सीमारेषा आखणे अवघड आहे. मित्सुयो माएदा हे ज्युदोपटू युरोप-अमेरिकेत पैशांसाठी कुस्त्या करत फिरले, १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि तिथे त्यांची विद्या ग्रेसी या लढवय्या घराण्याकडे गेली. मासाहिको किमुरा यांनी १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये एलियो ग्रेसी यांचा हात पिरगाळून मोडला, आणि तो डाव आजही जगभर ‘किमुरा’ याच नावाने ओळखला जातो. हेच किमुरा तीन वर्षांनी व्यावसायिक कुस्तीत रिकिदोझान या नामांकित जपानी मल्लासमोर उतरले. लढत बरोबरीत सोडवायचे ठरले होते, असे त्यांनी नंतर सांगितले. प्रत्यक्षात रिकिदोझानने त्यांच्यावर खरे प्रहार केले आणि किमुरा रिंगणात कोसळले. ठरवलेल्या लढतीत सर्वांत मोठा गुन्हा कोणता, तर तो हा. समोरचा विश्वासाने अंग सैल सोडतो आणि आपण त्याच विश्वासाचा घात करतो.

रिकिदोझानचा शिष्य अँटोनियो इनोकी २६ जून १९७६ रोजी टोकियोच्या बुदोकानमध्ये मुहम्मद अलीशी लढला. १५ फेऱ्यांपैकी बहुतेक वेळ तो पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. लढत बरोबरीत सुटली, प्रेक्षक चिडले, आणि अलीला पायांच्या दुखापतीसाठी रुग्णालयात जावे लागले. मी हे चित्रीकरण इथल्या एका सहकाऱ्याच्या घरी पाहिले तेव्हा माझे अंग आपोआप आखडले होते. ज्या मुलाला पहिल्या दिवसापासून ‘काहीही कर, पाठ लावून घेऊ नकोस’ असे शिकवले जाते, त्याला आपणहून पाठीवर निजणारा मल्ल पाहवत नाही. त्याच वर्षी १२ डिसेंबरला इनोकी कराचीत अक्रम पहिलवानाशी लढला. अक्रम म्हणजे गामांचा पुतण्या, इमाम बक्श यांचा मुलगा. ती लढत खरी झाली आणि इनोकीने अक्रमचा हात पिरगाळून निकामी केला. १९७९ मध्ये लाहोरात त्याच घराण्यातला तरुण झारा इनोकीपुढे पाच फेऱ्या टिकला, आणि शेवटी इनोकीनेच त्याचा हात उंचावला. चितपटीच्या परंपरेत वाढलेल्या घराण्याने कराचीत काय गमावले आणि लाहोरात त्यातले काय भरून काढले, यावर आपल्याकडे फारशी चर्चा झालेली नाही. ती व्हायला हवी होती.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. ‘टायगर मास्क’ या नावाने मुखवटा घालून लढणाऱ्या पहिल्या व्यावसायिक मल्लाने, सातोरू सायामाने, १९८० च्या दशकात शूटो हा एमएमएसारखा खेळ उभा केला. मासाकात्सू फुनाकी आणि मिनोरू सुझुकी या व्यावसायिक मल्लांनी सप्टेंबर १९९३ मध्ये पॅनक्रेस ही न ठरवलेल्या लढतींची स्पर्धा सुरू केली, म्हणजे अमेरिकेतील यूएफसी या एमएमए स्पर्धेच्या पहिल्या कार्यक्रमाच्या सुमारे दोन महिने आधी. विगनच्याच तालमीतून आलेल्या बिली रॉबिन्सन यांच्याकडे शिकलेल्या काझुशी साकुराबाने १ मे २००० रोजी टोकियो डोममध्ये रॉइस ग्रेसीला ९० मिनिटांच्या लढतीनंतर हरवले, आणि त्याच वर्षी रेन्झो ग्रेसीला किमुरा डावाने. साकुराबा ठरवलेल्या कुस्त्यांच्या व्यवसायातून आला होता. उलट दिशेनेही माणसे गेली, आणि ब्रॉक लेस्नर तर महाविद्यालयीन कुस्तीतून डब्ल्यूडब्ल्यूई या ठरवलेल्या कुस्त्यांच्या कंपनीत आणि तिथून २००८ मध्ये यूएफसीच्या अजिंक्यपदापर्यंत पोहोचला. आज त्या दोन्ही कंपन्या एकाच मालकीखाली आहेत.

परदेशातले सगळेच अनुकरणीय आहे असे मात्र मला सुचवायचे नाही. इथल्या व्यावसायिक मल्लांना पुरेशा तयारीविना एमएमएत उतरवण्याची एक लाट आली होती, आणि तिचे फळ वाईट होते. युजी नागातासारखा मातब्बर मल्ल २००१ च्या ३१ डिसेंबरला मिर्को क्रो कॉप या किकबॉक्सरपुढे अर्धा मिनिटही टिकला नाही. प्राइड ही इथली बलाढ्य एमएमए स्पर्धा गुन्हेगारी टोळ्यांशी संबंधांच्या आरोपांनंतर दूरचित्रवाणीवरून गेली आणि २००७ मध्ये विकली गेली. आपल्या वस्तादांची काळजी अशा घटनांमुळे योग्यच ठरते.

तरीही या देशाने एक गोष्ट स्पष्ट ठेवली आहे, आणि ती पुण्याने घ्यावी असे मला मनापासून वाटते. जपानी भाषेत ‘पुरोरेसु’ म्हणजे प्रेक्षकांच्या संमतीने सादर होणारी व्यावसायिक कुस्ती, आणि ‘याओचो’ म्हणजे स्पर्धा असल्याचे सांगून केलेली फसवणूक. २०११ मध्ये सुमोत याओचो उघडकीस आले तेव्हा मार्च महिन्याची संपूर्ण स्पर्धा रद्द झाली. पुरोरेसुचे कार्यक्रम होतच राहिले, आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. अमेरिकेतही १९८९ मध्ये व्यावसायिक कुस्ती कंपनीने न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे आपला खेळ करमणूक असल्याचे कबूल केले. आपण मात्र दोन्हींना नुरा हा एकच शब्द वापरतो आणि मग दोन्हींवर सारखेच रागावतो.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहितो. १७ वर्षांचा असताना मुळशी तालुक्यातील एका जत्रेच्या मैदानात माझी कुस्ती लागली. हलगी वाजत होती, लोक डोंगराच्या उतारावर बसले होते. मैदान भरवणाऱ्यांपैकी एकाने आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितले की दहा मिनिटे खेळवा आणि बरोबरीत सोडा. मला एकेरी पटाची, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडण्याची, संधी दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा मी हात मागे घेतला. ३०० रुपये मिळाले. वस्तादांना समोरच्याच्या पायावरून माझा हात सुटताना दिसला होता. त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ती नुरा कुस्ती होती, कारण उतारावर बसलेल्या माणसांना आम्ही निकाली कुस्ती दाखवतो असे सांगितले होते. आपल्या मल्लाने पिंजऱ्यात उतरणे त्या प्रकारात मोडत नाही.

आता खेळाच्या अंगाने. आपल्या मुलांचा पट, ढाक, मानेवरचा ताबा आणि दम या सगळ्याचा एमएमएत प्रत्यक्ष उपयोग होतो; महाराष्ट्राचाच भरत खंडारे कुस्तीच्या बळावर २०१७ मध्ये यूएफसीपर्यंत गेला. अडचण पाठीची आहे. कुस्तीत खाली गेलेला मल्ल पोटावर निजून स्वतःला वाचवतो, जसा झबिस्को वाचला. एमएमएत पोटावर निजणे म्हणजे समोरच्याला आपल्या पाठीवर बसवून गळा आवळू देणे, आणि उलट पाठीवर पडून पायांच्या कैचीत प्रतिस्पर्ध्याला धरणे हा बचावाचा आणि हल्ल्याचाही मार्ग आहे. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडच्या महाराष्ट्र केसरीत टांग डावाला किती गुण द्यावेत, म्हणजे पाठ कितपत धोक्यात गेली होती, यावर सारा महाराष्ट्र कित्येक दिवस भांडत होता. त्या जाणिवेवर वाढलेल्या शरीराला ही सवय सोडायला माझ्या अंदाजाने दोन वर्षे लागतील, आणि तोपर्यंत त्याने मोठी लढत स्वीकारू नये. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गादीवर उतरले तेव्हा मातीत वाढलेल्या त्यांच्या पायांना ती नवी होती. ते सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. त्या चार वर्षांत त्यांनी मातीशी बेइमानी केली, असे कोणी म्हणत नाही.

मी त्या मुलाला चार प्रश्न लिहून दिले आहेत. करार किती लढतींचा आहे, आणि त्या काळात जत्रेची कुस्ती करण्याची मुभा आहे का? दुखापतीचा, विशेषतः डोक्याच्या तपासणीचा खर्च कोण करणार? डोक्याला मार बसून हरल्यास किती दिवस सक्तीची विश्रांती मिळणार? वजन उतरवताना डॉक्टर हजर असणार का? ज्या आयोजकाकडून लेखी उत्तर मिळणार नाही त्याच्याकडे त्याने जाऊ नये, असे मी त्याला बजावले आहे, आणि तो ‘हो दादा’ म्हणाला आहे.

गेल्या रविवारी मी वस्तादांना फोन केला. माझे सगळे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पाठ टेकल्यावरही कुस्ती चालूच राहते म्हणतोस, मग ती संपते कधी?” मी सांगितले की हरणारा हाताने दोनदा थोपटतो आणि जिंकणाऱ्याने त्याच क्षणी सोडायचे असते. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दिवाळीत येशील तेव्हा मातीच्या हौदात उतरून दाखव. त्यालाही घेऊन ये.”