फोरम कीबोर्डवरून वाचणं ही नुसती हौस नाही

‘फोरम वाचताना लक्ष उडत असेल तर दोष तुमच्या मनाचा. कीबोर्डवर चालणारी साधनं हे प्रोग्रामर मंडळींचं खूळ आहे. माउस जास्त वेगवान असतो हे केव्हाच सिद्ध झालंय, आणि नुसत्या मजकुरात वाचलं तर अर्धी चर्चा हरवते.’ हा दावा इतक्यांदा पुढे ढकलला जातो की तो तपासून बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. मी बरीच वर्षं फोरम जवळजवळ माउसला हात न लावता वाचतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मनाचा दोष आधी. आपण एक धागा वाचायला येतो आणि बाजूला ‘आणखी लोकप्रिय धागे’, वर लाल आकडा, खाली न संपणारं पान. हे न संपणारं पान आपोआप उगवलेलं नाही, कुणीतरी ते रचलंय. २००६ मध्ये ही रचना करणाऱ्या एझा रस्किनने पुढे तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. ज्या पानाला तळच नाही तिथे ‘बास, झालं’ असं वाटणार तरी कधी?

याच्या उलट रचना फार जुनी आहे. यूझनेट या वेबच्याही आधीच्या, विषयवार गटांत चालणाऱ्या चर्चाजाळ्यावरच्या चर्चा वाचण्यासाठी लॅरी वॉलने १९८४ मध्ये ‘आरएन’ हा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक गटातल्या लेखांना क्रमांक असत आणि आपण कुठले वाचले ते एका साध्या फाइलमध्ये ‘१ ते १५२३’ अशा पद्धतीने नोंदलं जाई. स्पेसबार दाबत राहायचं, न वाचलेलं तेवढंच समोर येई, आणि ते संपलं की गट संपला. नको असलेले विषय आणि माणसं गाळायला ‘किल फाइल’ होती. आजचा न्यूजबोट हा टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या मजकुराच्या खिडकीत, फीड (साइटवरच्या नव्या लेखांची आपोआप येणारी यादी) वाचणारा प्रोग्राम तेच करतो: ‘एन’ दाबलं की पुढचा न वाचलेला लेख, मोठा ‘ए’ दाबला की अख्खी फीड वाचलेली. डिस्कोर्स या फोरम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच्या फोरममध्ये धाग्याच्या पत्त्यापुढे ‘.आरएसएस’ (अर्थात रोमन लिपीत) जोडलं की त्या धाग्याची फीड मिळते. माझ्या मनात काही बदल झाला नाही. समोरची यादी संपायला लागली, एवढंच.

आमच्या बाजूचे लोकही इथे चुकतात, म्हणून स्पष्ट सांगतो. नुसत्या कीबोर्डने लक्ष टिकत नाही. क्यूटब्राउझर या कीबोर्डवर चालणाऱ्या ब्राउझरमध्ये ‘एफ’ दाबलं की प्रत्येक दुव्यावर अक्षरं उमटतात आणि ती टाइप केली की तो दुवा उघडतो. त्यात ‘आणखी लोकप्रिय धागे’सुद्धा आलेच. भरकटणंही तेवढंच सोपं होतं. उपयोग होतो तो वाचलेलं लक्षात ठेवणाऱ्या आणि संपणाऱ्या यादीचा. कीबोर्ड ती यादी झरझर पुढे नेतो.

आता वेग. या दाव्याचं मूळ बहुधा ॲपलच्या ब्रूस टॉग्नाझिनी यांच्या लेखनात आहे. चाचणीत लोकांना कीबोर्ड वेगवान वाटतो, घड्याळ मात्र माउसच्या बाजूने निकाल देतं, असं त्यांनी लिहिलं होतं. पण त्यांचं कारणही वाचा: कुठली कळ दाबायची हे ठरवण्यातच वेळ जातो. फोरम वाचताना ठरवायचं काय असतं? शंभर वेळा तीच एक कळ. कार्ड, मोरन आणि न्यूवेल या संशोधकांनी १९८० मध्ये मांडलेले ढोबळ आकडे घेतले तर सराईत हाताला एक कळ दाबायला सुमारे ०.२ सेकंद लागतात, माउसने एखाद्या जागी नेम धरायला सुमारे १.१ सेकंद, आणि हात कीबोर्डवरून माउसकडे न्यायला ०.४ सेकंद. म्हणजे ‘पुढचा धागा’ या एका कामासाठी हे घड्याळ उलट बोलतं. तरी माझ्या लेखी वेग दुय्यम आहे. माउसने नेम धरताना नजर मजकुरावरून उठते आणि पानभर फिरते; खरं नुकसान तिथे होतं.

‘फक्त प्रोग्रामरांसाठी’ यात तथ्य नाही. चार-पाच कळा पुरतात, त्या दोन दिवसांत बोटांत बसतात. आणि ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांना पडदा दिसत नाही, त्यांच्यासाठी कीबोर्ड ही हौस नसून वाट आहे. म्हणूनच वेबच्या सुलभतेच्या २००८ च्या नियमांत सगळं कीबोर्डने करता यायला हवं ही अट अगदी पहिल्या पातळीवर आहे.

मजकूर हरवण्याचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. लिंक्ससारख्या मजकुरी ब्राउझरमध्ये, जावास्क्रिप्टवर (पानात चालणाऱ्या प्रोग्रामवर) उभे असलेले बरेच फोरम नीट उघडत नाहीत. फीडमध्ये कुठला प्रतिसाद कुणाला दिलाय ती मांडणी बहुधा येत नाही. लांबलेल्या वादात हे खटकतं, तेव्हा मी न्यूजबोटमध्ये ‘ओ’ दाबून तेवढा एक धागा ब्राउझरमध्ये उघडतो.

मराठी वाचणाऱ्यांची एक अडचण या दाव्यात येतच नाही, ती मीच सांगतो. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतं, त्यामुळे बऱ्याच टर्मिनलांत आपली जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. शिवाय इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू राहिला तर ‘जे’च्या कळेवर ‘र’ उमटतो आणि शॉर्टकट गप्प बसतो. मराठी फीडसाठी मी थंडरबर्ड हा ईमेल आणि फीड वाचणारा प्रोग्राम वापरतो. तो खिडकीत चालतो, अक्षरं नीट दिसतात, ‘एन’ने पुढचा न वाचलेला लेख येतो आणि ‘के’ दाबलं की नको असलेला धागा दुर्लक्षित होतो. फक्त वाचायला बसताना कीबोर्ड इंग्रजीवर आणायचा.