‘नेबे’ आणि ‘नभस्’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

चेक भाषेत आकाशाला ‘नेबे’ म्हणतात. या शब्दावरील माझ्या लेखाबाबत आपले दोन आक्षेप आहेत. ‘नभस्’शी इतके साम्य असूनही मी त्याला संस्कृतोद्भव न म्हणता केवळ सगोत्र (एकाच पूर्वज भाषेतून आलेला) म्हटले, हा पहिला, आणि त्या पूर्वज भाषेतले म्हणून मी दिलेले ‘नेभोस्’ हे मूळ रूप कोणत्याही ग्रंथात सापडत नसल्याने ती युरोपीय पंडितांची कल्पना आहे, हा दुसरा.

साम्य आपण म्हणता त्याहूनही अधिक आहे. ‘नेबे’चे अनेकवचन ‘नेबेसा’ होते आणि त्यात ‘नभस्’मधला सकार अजून टिकून आहे. अडचण स्वरांची आहे. संस्कृतात ‘नभस्’ आणि ‘दम’ (ऋग्वेदातले घर) या दोन्ही शब्दांत पहिला स्वर अकारच आहे. प्राचीन स्लाव भाषेत मात्र ‘नेबो’ आणि ‘दोमु’, तर ग्रीकमध्ये ‘नेफोस’ आणि ‘दोमोस’ अशी रूपे आहेत. हे शब्द संस्कृतातून तिकडे गेले असते, तर कोणत्या अकाराचा ए करायचा आणि कोणत्याचा ओ, याची वाटणी दोन्ही समाजांनी परस्परांना न विचारता अगदी सारखी कशी केली असती? मुळात स्वर दोन होते आणि संस्कृतात ते अकारात मिसळून गेले, असे मानल्याशिवाय हे कोडे सुटत नाही.

याची खूण खुद्द संस्कृतात आहे. भूतकाळी रूपात धातूच्या पहिल्या अक्षराचे द्वित्व होऊन ‘पत्’चे ‘पपात’ होते, पण ‘कृ’चे ‘ककार’ न होता ‘चकार’ आणि ‘गम्’चे ‘जगाम’ होते. पाणिनींनी ‘कुहोश्चुः’ या सूत्रात हा नियम नोंदवला आहे. कारण सांगणे हे त्या सूत्राचे कामच नव्हे. द्वित्वातल्या पहिल्या अक्षरात पूर्वी एकार होता आणि त्याच्या सान्निध्याने कंठ्य वर्ण तालव्य झाला, हे ते कारण.

आता ‘कल्पने’विषयी. हा एकार अभ्यासकांनी 1870 च्या दशकातच तर्काने मांडला होता. त्यानंतर 1915 मध्ये बेदर्जिख ह्रोझ्नी या (योगायोगाने चेकच असलेल्या) विद्वानाने हित्ती या त्याच भाषाकुळातल्या प्राचीन भाषेचा उलगडा केला आणि तुर्कस्तानात सापडलेल्या, तीन हजार वर्षांहून जुन्या मृत्तिकापट्टिका वाचता येऊ लागल्या. त्यांत आकाशासाठी ‘नेपिश’ हा शब्द आहे, एकारासकट.

उलट मूळचा भकार संस्कृताने जपला आणि चेकने गमावला, हेही त्याच पद्धतीने ठरते.