शील्ड मोठी की कप?

कोल्हापुरात मिरजकर तिकटीला रात्री बसलं की गाडी फुटबॉलवरच येते. परवा स्कॉटिश कोच ओवेन कॉयलचा विषय निघाला आणि जुंपली.

"आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, कप आहे का त्याच्याकडं एक तरी?" पिंट्या म्हणाला. "२०२० च्या फायनलला त्याची चेन्नईयिन कोलकात्याच्या एटीकेकडनं ३-१ हरली. २०२२ ला त्याचं जमशेदपूर सेमीलाच गळालं. संपला विषय."

"संपला कसा?" तात्या सरसावले. "डिसेंबर २०१९ ला त्यानं चेन्नईयिन हातात घेतली तेव्हा टीम तळाकडं होती. तिथनं फायनलला नेली. सेमीत गोव्याला घरात ४-१ मारलं, तिकडं जाऊन २-४ खाल्लं. एकूण ६-५! असला बिनधास्त खेळ कुठला कोच खेळवतो सांग."

मी म्हणालो, शील्डचं बोला की. लीगमध्ये गुणांत पहिला येईल त्याला शील्ड, मग वरच्या टीमांच्या सेमी-फायनलमधनं कप. २०२०-२१ ला जमशेदपूर सहावं. आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव तेव्हा त्याच टीममध्ये. पुढच्या हंगामात २० मॅचमध्ये ४३ गुण आणि पहिला नंबर. शेवटच्या सात मॅच ओळीनं जिंकल्या. अखेरची मोहन बागानशी, शील्डच त्या मॅचवर होती. ऋत्विक दासचा एक गोल, १-०. हंगामभर टिकायला कोच लागतो. कप दोन-तीन रात्रींत इकडचा तिकडं होतो.

"त्या साली अनिकेत हैदराबादला होता आणि कप हैदराबादनं नेला," पिंट्या. "विचार जा त्याला, काय पाहिजे होतं."

मग राजूनं इंग्लंडमधलं बर्नली काढलं. २००९ ला वेम्बलीवर शेफील्ड युनायटेडला १-० हरवून कॉयलनं छोट्याशा बर्नलीला ३३ वर्षांनी वरच्या डिव्हिजनला नेलं. घरच्या पहिल्याच मॅचला मँचेस्टर युनायटेडला पाडलं. आणि जानेवारी २०१० ला गडी शेजारच्या बोल्टनला! बर्नली त्याच साली खाली गेलं, २०१२ ला बोल्टनही.

"पाटाकडीलचा कोच निम्म्या हंगामात दिलबहारला गेला, तर पेठेत फिरू देतील व्हय?" राजू म्हणाला. दोन्ही आमच्या कोल्हापूरचेच क्लब.

तात्या म्हणाले, बोल्टन त्याचं स्वतःचं घर, खेळाडू म्हणून तिथंच होता. १९९५ च्या प्लेऑफ फायनलला रीडिंगविरुद्ध ०-२ पिछाडी होती, पहिला गोल ह्यानंच फेडला, मग एक्स्ट्रा टाइमला ४-३. घरानं हाक मारली तर माणूस जाणारच.

मला हे पटत नाही. घर असलं तरी मे महिन्यापर्यंत थांबायचं होतं. ज्या पोरांनी तुला वर नेलं, त्यांना भर हंगामात सोडायचं नसतं. पण म्हणून जमशेदपूरचे ४३ गुण कमी होत नाहीत.

"ते गुण ग्रेग स्टुअर्टचे," पिंट्या काही सोडेना. "दहा गोल, दहा असिस्ट. कोचचं काय त्यात?"

"२०२२ ला कॉयल आणि स्टुअर्ट दोघंही गेले, पुढच्या हंगामात जमशेदपूर दहावं," तात्या म्हणाले. "आणि स्कॉटलंडचा स्टुअर्ट जमशेदपूरला आला तो कोच कोण होता म्हणून, ते सांग आधी."