कोगनोळीचा सीमानाका ओलांडला म्हणून बाप परका होत नाही

बेळगाव-निपाणीकडे सध्या एक मेसेज फिरतोय: 'आई मूल घेऊन कर्नाटकात माहेरी आली की महाराष्ट्रातल्या कोर्टाचा भेटीचा आदेश इथं चालत नाही, कारण सीमावाद सुप्रीम कोर्टात आहे. पोटगी थकली तर बापाला मूल दाखवायचं नाही. आणि आदेश एकदा झाला की बदलत नाही.'

यातलं खरं एवढंच, की सीमावाद सुप्रीम कोर्टात आहे, 2004 पासून. तो दावा गावं कुठल्या राज्यात असावीत याचा आहे, लेकरं कुणाकडे असावीत याचा नव्हे.

आदेश चालतो. दिवाणी प्रक्रिया संहिता दोन्हीकडे एकच. कोल्हापूरचा आदेश कलम 39 खाली अंमलबजावणीसाठी बेळगावच्या कोर्टाकडे पाठवता येतो. अंमलबजावणीच्या या अर्जालाच वकील दरखास्त म्हणतात. हेलपाटे पडतात, मराठी आदेशाचं भाषांतर जोडलेलं बरं, पण कागद रद्दी होत नाही. आदेशच नसेल तर मात्र ताब्याचा अर्ज 1890 च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम 9 प्रमाणे, मूल नेहमी राहतं तिथल्या कोर्टात. सीमेलगत महाराष्ट्रातल्या शिनोळीत बसून 'केस महाराष्ट्रातच चालवणार' म्हणणाऱ्यांची वर्षं त्यातच जातात.

पोटगी थकली तर वसुलीची वाट वेगळी आहे. त्यासाठी लेकराला ओलीस धरता येत नाही. (आणि 'भेटू देत नाहीत, मग पैसे बंद' म्हणणारे बापही तेच करतात.) यशिता साहू खटल्यात सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये सांगितलं, की मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम मिळण्याचा हक्क आहे आणि दूरच्या पालकाला व्हिडिओ कॉलवर तरी मुलाशी बोलता आलं पाहिजे.

आदेश बदलत नाही, हे तर सगळ्यांत चूक. भेटीचा आदेश परिस्थितीप्रमाणे बदलून घेता येतो, आणि सीमेवर तो घ्यावाच लागतो. महाराष्ट्रातल्या आदेशात सर्रास 'दिवाळीच्या सुट्टीचा अर्धा काळ' लिहिलेलं असतं. पण कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला. दिवाळीला मोजके दिवस, त्याचा अर्धा म्हणजे किती? उन्हाळ्यातही तेच: कर्नाटकातली शाळा मेअखेरीस उघडते, महाराष्ट्रातली जूनच्या मध्यावर. मग 'शाळा बुडवून नेलं' म्हणून भांडण. तेव्हा अर्जात 'मुलाच्या शाळेच्या दसरा सुट्टीत' असं लिहून मागा, आणि मूल कुठल्या स्टँडवर, किती वाजता, कुणाच्या हाती द्यायचं तेही.