अमर माणसांसाठी काही व्यावहारिक सूचना

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही मरणार नाही आहात. तसा काही दाखला तुमच्याकडे नसेल, पण तुमचं कपाट उघडलं की कोणालाही पटेल. त्यात वीस वर्षांपूर्वीच्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड आहे, मुलीचं बालवाडीतलं प्रगतिपुस्तक आहे, तिरुपतीला घेतलेल्या खोलीची पावती आहे. मृत्युपत्र नाही. कधीतरी जायचं आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो असं कपाट मागे ठेवील का?

तर हे अमरत्व जपायचं कसं, ते सांगतो. सुरुवात भाषेपासून करावी. ‘मी मेल्यावर’ असं कधी म्हणू नये. ‘उद्या मला काही झालं तर’ इथपर्यंत चालतं, कारण ‘काही’ म्हणजे काय हे कोणी विचारत नाही. बायकोने विचारलंच, तर ‘तिन्हीसांजेला कसलं अभद्र बोलतेस’ म्हणावं. सकाळी विचारलं तर ‘सकाळी सकाळी हे काय’. दुपारी तुम्ही झोपलेले असता. शिवाय वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो ही भीती आहेच. हाच वास्तुपुरुष ‘यंदा प्रमोशन नक्की’ हे वाक्य पंधरा वर्षं ऐकून गप्प बसला होता, पण मृत्युपत्राचा विषय निघाला की त्याचे कान टवकारतात, असं धरून चालावं.

मग वयाचं गणित. चाळिशीत गृहकर्जाचे हप्ते चालू असतात, तेव्हा ‘आधी घर तर आपलं होऊ दे’. पन्नाशीत मुलीचं लग्न. साठीला ‘आत्ताच रिटायर झालोय, जरा श्वास घेऊ द्या’. सत्तरीत चारधाम करून आल्यावर बघू. ऐंशीला तुम्ही खरोखरच लिहायला बसता. तेव्हा हात थरथरतो, सही बँकेतल्या सहीशी जुळत नाही, आणि पुढे कोर्टात धाकट्याचा वकील विचारतो की वडील तेव्हा भानावर होते याला पुरावा काय. म्हणजे चाळीस वर्षं केलेली टाळाटाळ शेवटच्या क्षणीही दगा देत नाही.

आता एक धोक्याची सूचना. मृत्युपत्र करणं भयंकर सोपं आहे, आणि ही बातमी तुमच्या कानावर कधीही येऊ शकते. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा. त्यानुसार साधा कागद चालतो. स्टँप पेपर लागत नाही. नोंदणी केली तर उत्तम, पण सक्तीची नाही. तुम्ही सज्ञान आणि शुद्धीवर असावं, खाली सही करावी आणि दोन साक्षीदारांनी सह्या कराव्यात, की झालं. शंभर वर्षांत एकाही सरकारला यात एखादा विहित नमुन्यातला अर्ज, तीन प्रती आणि राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का घुसवावासा वाटला नाही. ज्या देशात वीजमीटरवरचं नाव बदलायला दोन चपला झिजतात, तिथे इतकी सोपी गोष्ट म्हणजे नक्की काहीतरी गोम आहे, असं म्हणून लांब राहावं. साक्षीदारांची अडचण पुढे करता येते ती वेगळीच. शेजाऱ्याला बोलावलं तर आपल्याकडे किती आहे ते त्याला कळेल (किंवा किती नाही ते कळेल, जे जास्त वाईट). साक्षीदाराने फक्त तुमची सही बघायची असते, मजकूर त्याला दाखवावा लागत नाही, हे वकिलांना माहीत असतं. तुम्ही माहीत करून घेऊ नका.

तोंडी वाटप मात्र सढळ हाताने करावं. थोरल्याला म्हणावं, ‘हे घर शेवटी तुझंच आहे रे बाबा.’ धाकट्याला म्हणावं, ‘थोरल्याचं बरं चाललंय, मी तुझा विचार केलाय.’ मुलीला आईच्या पाटल्या दाखवाव्यात. सुनेलाही दाखवाव्यात. लढाईवर गेलेले सैनिक आणि समुद्रावरचे खलाशी यांना तोंडी मृत्युपत्राची खास सवलत कायद्याने दिली आहे. तुम्ही रोज ठाणे ते सीएसएमटी असा प्रवास केलात, तोही फास्ट लोकलने, तरी कायदा तुम्हाला त्यात धरत नाही.

एवढं करूनही कोणी खोदून विचारलं, तर ‘नॉमिनी लावलाय ना!’ हे ब्रह्मास्त्र काढावं. नॉमिनी म्हणजे मालक, अशी आपली भाबडी समजूत आहे. प्रत्यक्षात तो पोस्टमन. पैसे हातात घ्यायचे आणि खऱ्या वारसांना द्यायचे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ सालीच सांगितलं होतं (२०१५ मध्ये विमा कायदा बदलला, तेव्हापासून तिथे आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर गोष्ट वेगळी), शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. महाराष्ट्रात सोसायटीच्या फ्लॅटचा नॉमिनीसुद्धा आधी तात्पुरता सभासद होतो. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला एकाऐवजी चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, त्यामुळे आता चौघांना एकाच वेळी मालक झाल्यासारखं वाटू शकतं.

आणि ‘काही केलं नाही तरी सगळं बायकोलाच जाणार’ ही श्रद्धा तर कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. इथे थोडं थांबू, कारण अमर माणसाची खरी कलाकुसर इथे दिसते. समजा डोंबिवलीत तुमच्या कमाईचा, तुमच्या नावावरचा फ्लॅट आहे. घरात बायको, दोन मुलं आणि आई. मृत्युपत्र न करता तुम्हाला, काय म्हणतात ते, ‘काही झालं’. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याप्रमाणे पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको आहे, मुलगा आहे, मुलगी आहे, आणि आईसुद्धा आहे. चार सारखे वाटे. ज्या बायकोने दागिने गहाण टाकून बुकिंगचे पैसे उभे केले, तिचा पाव फ्लॅट. स्वयंपाकघर आणि अर्धा हॉल म्हणा.

गोष्ट इथे संपत नाही. दोन वर्षांनी आई जाते. तीही तुमचीच आई, तिनेही मृत्युपत्र केलेलं नाही. तिच्या पाव हिश्श्यात आता तिची मुलं येतात. म्हणजे तुमची मस्कतची बहीण आली, आणि गौरीच्या नैवेद्यावरून ज्याच्याशी तुम्ही नऊ वर्षं बोलत नव्हता तो भाऊही आला. जिवंतपणी ज्याला तुम्ही उंबरा ओलांडू दिला नाही, तो आता बाथरूमचा सहमालक. फ्लॅट विकायचा तर सगळ्यांच्या सह्या, नाहीतर सगळ्यांकडून हक्कसोडपत्रं. बहीण दिवाळीत येते. भाऊ म्हणतो, ‘वहिनी, मला एक पैसा नको, पण एकदा बसून बोललं पाहिजे.’ ते बसणं सहा वर्षं चालतं. एका कागदावर चार ओळी लिहिल्या असत्या तर यातलं काहीच घडलं नसतं, आणि तुमची आठवण इतक्या वारंवार, इतक्या भावनेने निघालीही नसती.

पैसे कुठे आहेत हे कोणाला सांगू नये, हे वेगळं सांगायला नकोच. एफडीच्या पावत्या तीन बँकांत, त्यातली एक बँक दुसरीत विलीन झालेली. लॉकरची किल्ली साबुदाण्याच्या डब्यात. पासवर्ड डायरीत ‘दूधवाला’ या नावाखाली, आणि तोही जुना. नवा फक्त तुमच्या डोक्यात, ओटीपी तुमच्या मोबाईलवर, आणि मोबाईल तुमच्या अंगठ्याने उघडणारा. तो अंगठा उपलब्ध नसेल अशी कल्पनाच कंपनीने केलेली नाही, ती तुमच्याइतकीच आशावादी आहे. दहा वर्षं कोणी विचारलं नाही की बँकेतल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. मार्च २०२४ अखेर तिथे ७८,२१३ कोटी रुपये होते. एवढी सगळी रक्कम काही अमरांची नसेल, पण आपल्या मंडळींनी खारीचा वाटा नक्की उचलला आहे. वारसांना पैसे नंतरही मागता येतात, शोधायला २०२३ पासून ‘उद्गम’ नावाचं पोर्टलही आहे. पण त्यासाठी वडिलांचं खातं असावं असा संशय तरी यायला हवा.

गावच्या जमिनीबद्दल मी बोलत नाही. तिथे सातबाऱ्यावर अजून पणजोबा जिवंत आहेत.

तुम्ही म्हणाल, हा शहाणा एवढं सांगतोय, याने स्वतः केलंय का? मी चार वर्षांपूर्वी मृत्युपत्राचा नमुना कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. ‘मी, खाली सही करणार’ इथपर्यंत आलो, पुढे वय घालायची रिकामी जागा होती. ती बघून पाणी प्यायला उठलो. फाईलचं नाव ‘नवीन फोल्डर (२)’ आहे. दर वाढदिवसाला उघडतो, वय दुरुस्त करतो आणि बंद करतो. बायकोने एकदा विचारलं, ‘काय करताय एवढं?’ म्हटलं, ‘आयकर.’

तसं म्हटलं तर आपल्याकडे सगळ्यांसाठी एक शेवटची संधी ठेवलेली आहेच. दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड मांडतात आणि सगळे चार पावलं मागे येऊन उभे राहतात. कावळे समोरच्या कठड्यावर ओळीने बसलेले असतात, पण एकही खाली उतरत नाही. मग कुजबुज सुरू होते, त्यांच्या मनात काय राहिलं असेल? थोरला हात जोडून म्हणतो, ‘आईला अंतर देणार नाही.’ कावळा मान वळवतो. धाकटा म्हणतो, ‘घराचं आम्ही समजुतीने घेऊ.’ कावळा उडून पलीकडच्या पिंडावर बसतो. मुलगी रडत म्हणते, ‘बाबा, तुमच्या मनात काय होतं ते एकदा सांगितलं असतंत तर.’ मागून जावई हळूच विचारतो, लॉकरची किल्ली सापडली का. ऊन चढतं. गुरुजींना साडेअकराला पुढच्या घाटावर जायचं असतं. ते घड्याळ बघतात, बाजूची काडी उचलतात, दर्भाचा कावळा करतात आणि पिंडाला टेकवतात. याला दोन साक्षीदार लागत नाहीत.