मॉडेल व्हायचंय? आधी अल्बम करा

सुंदर तर तुम्ही आहातच, हळदीच्या कार्यक्रमात सगळ्या काकू म्हणाल्याच होत्या. आता फक्त पैसे भरायचे. खरी एजन्सी नोंदणीला पैसे मागत नाही, काम मिळालं की त्यातून कमिशन कापते. पण फुकटच्या गोष्टीला आपल्याकडे किंमत कुठे? म्हणून हॉटेलचा हॉल भाड्याने घेऊन ‘ऑडिशन’ भरवणाऱ्यालाच गाठा. तो शंभरातले शंभर निवडतो. अशी पारखी नजर मुंबईतही सापडायची नाही.

मग फोटो. एजन्सीला मोबाइलवरचे पाच-सहा फोटो पुरतात: कोरी भिंत, खिडकीचा उजेड, अंगासरशी साधे कपडे, केस मागे, मेकअप शून्य, समोरून, बाजूने, पाठमोरे आणि एक चेहऱ्याचा. छे! हे काय आधार कार्ड आहे? तुम्ही लग्नवाल्या फोटोग्राफरकडून १२ बाय ३६चा करिझ्मा अल्बमच करून घ्या. शूट जळगावच्या मेहरूण तलावावर, मे महिन्यात, दुपारी एकला. ऊन थेट डोक्यावर आलं की डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली साचते, कपाळ चकाकतं, डोळे आपोआप मिचमिचे होतात. घाबरू नका, एडिटिंगमध्ये चेहरा असा गुळगुळीत होईल की नाकपुड्यासुद्धा राहणार नाहीत. मागे स्वित्झर्लंडचा धबधबा मोफत.

उंची? रॅम्पला मुली साधारण ५ फूट ८ इंच आणि मुलं ६ फूट मागतात. तुम्ही ५ फूट ३ असाल तर फोटो आणि मापं छापलेल्या मॉडेलच्या कार्डावर ५-८ छापा. उरलेले पाच इंच आत्मविश्वासाचे. कास्टिंगला मात्र अनवाणी भिंतीला टेकवून टेप लावतात, जरा अरसिकच लोक. कंबरेचं माप भरीत पार्ट्या सुरू होण्याआधीचं छापून टाका आणि मग हिवाळाभर कळण्याची भाकरी हाणा. शोचे कपडे आधीच ठरावीक मापाने शिवलेले असतात. चेन अर्ध्यात अडकली तर दोष शिंप्याचा.

नंदुरबारहून गाडीत बसलं की सुरत, तिथे साड्यांच्या कॅटलॉगचं काम निघतं. त्या वाटेला अजिबात जाऊ नका. दिवसाला पंचवीस-तीस साड्या, सैल ब्लाउज पाठीमागून चिमट्यांनी आवळलेला, निऱ्या पिनांनी टोचून बसवलेल्या आणि प्रत्येक साडीला तेच हसू, नवं असल्यासारखं. वर दिवसाचे पैसेही देतात. कॅटलॉगला म्हणे रॅम्पइतकी उंची लागत नाही! असल्या ठिकाणी काय करिअर होणार?

करारनामा मिळालाच, तर वाचत बसू नका. ‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी’ हे शब्द दिसले की भरून येऊ द्या आणि सही ठोका. फोटो किती महिने आणि कुठे-कुठे वापरणार हे विचारून त्याप्रमाणे दर ठरवायला तुम्ही काय केळीचे व्यापारी आहात?

दहा वर्षांनी अमळनेरच्या एखाद्या दुकानात साडीच्या पाकिटावर तुम्हीच दिसाल. दुकानदार ओळखणार नाही. घासाघीस करा, पन्नास रुपये सोडेल.